डीपीपासून विहिरीपर्यंत

१९७७ साली महाराष्ट्रात शेतीपंपाच्या विजेचे मोजमाप थांबले. त्याआधी विहिरीवरच्या खोपटात मीटर असे आणि जेवढी युनिटे पडतील तेवढे बिल येई. त्या वर्षापासून बिल मोटारीच्या अश्वशक्तीवर येऊ लागले. तीनची मोटार असेल तर इतके रुपये, पाचची असेल तर इतके. मग ती दिवसाला दोन तास चालो की बारा, दाब पुरेसा मिळो की न मिळो. निर्णयामागची अडचण खरी होती. रानोमाळ विखुरलेल्या विहिरींवर जाऊन आकडे टिपायला माणसे पुरत नव्हती, आणि आकडे टिपून आणण्याचा खर्च कधी कधी वसुलीच्या तोडीचा होई. पण मीटर गेला आणि त्याबरोबर तारेतून किती वीज निघाली व विहिरीवर किती पोचली याचा हिशेबही गेला. मराठवाड्यातल्या नांदेड आणि लातूर या भागांत पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत शेतीच्या विजेचे जे झाले, त्याची बरीचशी मुळे या हरवलेल्या हिशेबात आहेत, असे माझे मत आहे. बाकीची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात वीजखाते विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले, हुसेनसागराच्या काठी औष्णिक केंद्रही उभे राहिले. पण ती वीज मुख्यतः राजधानीची होती. याच काळात पश्चिम घाटात टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटावरून खाली सोडलेल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. गोदावरीकाठच्या नांदेडला उस्मानशाही गिरणी होती, लातूरला बार्शी लाईटची छोटी आगगाडी आणि भरभराटीची बाजारपेठ होती. पण शिवाराकडे पाहिले तर मोट, बैल आणि नाडा. पुढे ज्यांची ऐपत होती त्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन आले. त्याचा ठकठक आवाज शेजारच्या शिवारापर्यंत जाई.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि पुढच्याच महिन्यात, २० जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. गावकऱ्यांच्या तोंडी ते आजही ‘एमएसईबी’च आहे. पहिल्या मंत्रिमंडळात पाटबंधारे आणि वीज ही खाती नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होती. मराठवाड्याला पाणी आणि वीज एकाच वेळी हवी होती आणि दोन्हींची सूत्रे काही वर्षे या एका माणसाकडे राहिली, ही गोष्ट या भागाच्या दृष्टीने मोठी होती. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले, त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आले. १९७१ मध्ये परळी वैजनाथला औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पाठोपाठ तेवढाच दुसरा.

मग दुष्काळ आला. १९७२ च्या आठवणी या भागात अजून ताज्या आहेत. ज्यांच्या विहिरीला चार परस पाणी उरले होते त्यांचे थोडेफार पीक हाती लागले, बाकीच्यांनी खडी फोडली. त्या वर्षांनी शेतकऱ्याच्या मनात एकच गोष्ट पक्की केली : विहीर खणायची आणि तिच्यावर मोटार बसवायची. सोय होतीच. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले होते. कर्ज मिळू लागले, कोटेशन भरले जाऊ लागले, खांब रोवले जाऊ लागले. मंडळापुढे लक्ष्य होते ते गावांच्या आणि पंपांच्या संख्येचे. संख्या वाढवायची तर पैसा पुरवून वापरायला हवा. म्हणून गावाजवळ एक रोहित्र, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपी, बसवायची आणि तिच्यापासून कमी दाबाची तार शिवारभर ओढत न्यायची, ही पद्धत रूढ झाली. उच्चदाबाची तार पुढे नेऊन विहिरींच्या घोळक्यापाशी एकेक छोटी डीपी बसवणे महाग पडले असते.

काय बिघडले ते समजायला दोनच नियम पुरतात. जर्मनीतील कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहम यांनी तारांवर प्रयोग करून १८२७ मध्ये मांडले, की तारेतून जाणारी धारा दाबाच्या प्रमाणात वाढते आणि तारेच्या रोधाने अडते. दाब भागिले धारा म्हणजे रोध. व्होल्टला ॲम्पिअरने भागले की ओहम मिळतात. इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवले, की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा दुप्पट झाली तर तार चौपट तापते. आणि दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती, वॅटमध्ये. आपल्याकडे ओहमचा नियम नववीच्या पुस्तकात येतो, विद्युत शक्ती दहावीच्या. शाळेतल्या उदाहरणात तार मात्र बहुधा बिनरोधाची धरलेली असते. शिवारातली तार तशी नसते.

लाईनच्या तारांना प्राण्यांची नावे आहेत आणि लाईनमन ती सहज उच्चारतात : स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. स्क्विरल सगळ्यांत बारीक, डॉग जाड. वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम, रॅबिटचा ०.५५, डॉगचा ०.२८. आता डीपीपासून किलोमीटरभर वीझल ओढली आहे आणि तिच्या शेवटाला पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी आहेत असे धरू. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही ०.८ धरले, तर थ्री फेजच्या ४१५ व्होल्टवर एक मोटार सुमारे ८ ॲम्पिअर घेते. दहा मोटारींचे ८० ॲम्पिअर. ८० ला ०.९३ ने गुणले की प्रत्येक फेजमध्ये ७४ व्होल्ट वाटेतच पडतात. डीपीवर २४० व्होल्ट असलेला फेज शेवटच्या विहिरीवर १६५ च्या आसपास पोचतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत कमी दाबाच्या ग्राहकासाठी सहा टक्क्यांपर्यंतच चढउतार मान्य होता. म्हणजे २२५ व्होल्टच्या खाली जायला नको होते.

आणि तापणे? ८० चा वर्ग ६,४००, गुणिले ०.९३, गुणिले तीन तारा. जवळजवळ १८ किलोवॅट. एवढी वीज चिमण्या बसतात त्या तारा गरम करण्यात जाते. दहा मोटारी चालवताना आणखी पावणेचार मोटारी चालतील इतकी वीज हवेत. खरी लाईन याहून गुंतागुंतीची असते. मोटारी वाटेत ठिकठिकाणी जोडलेल्या असतात, सगळ्या एकदम चालत नाहीत. पण आकड्यांचा रोख हाच राहतो.

यात मोटार स्वतः आणखी भर घालते. घरातला साधा दिवा दाब कमी झाला की मंद होतो आणि गप्प बसतो, त्याची धाराही कमी होते. पंपाची मोटार तशी नाही. पाणी वर ढकलण्याचे काम तेवढेच असते, म्हणून दाब घटला की ती जास्त धारा ओढते. ४१५ ऐवजी ३२० व्होल्ट मिळाले तर ८ चे साडेदहा ॲम्पिअर होतात. म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यातली उष्णता दोन-तृतीयांशाने वाढली. जास्त धारेमुळे लाईनमधला दाब आणखी पडतो, त्याने धारा आणखी वाढते. शेवटी वार्निशाचा वास येतो आणि मोटार थांबते.

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर, कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मोटार वायंडिंगची दुकाने दिसतात. त्यांचा धंदा याच वर्गाच्या नियमावर उभा राहिला. जळालेली मोटार येते, काळी पडलेली तार ओढून काढतात, नवी भरतात, पैसे अश्वशक्तीवर घेतात. सुगीच्या आधी रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत या दुकानांत मोटारींच्या रांगा लागत. पीक वाळत असताना चार दिवस थांबणे आणि वायंडिंगचे पैसे भरणे, हे बिलात कुठेच दिसत नाही. शेतकऱ्याला वीज स्वस्त मिळते असे शहरात म्हटले जाई तेव्हा हा खर्च कोणी धरत नसे.

अश्वशक्तीच्या आकारणीने यात काय केले ते आता पाहू. बिल पाटीवर लिहिलेल्या आकड्यावर येऊ लागल्यावर पाटीवरचा आकडा कमी असणे फायद्याचे ठरले. तीनची पाटी आणि आत पाचचे वायंडिंग, अशा मोटारी बाजारात आल्या. हे उघड गुपित होते. टंगटेस्टर तारेभोवती लावून ॲम्पिअर पाहिले असते तर क्षणात कळले असते. पण शिवारभर फिरून ते कोण पाहणार? डीपीचा हिशेब कागदावरच्या अश्वशक्तीवर झाला, भार प्रत्यक्ष मोटारींचा पडला, त्यात आकडे टाकून घेतलेले वेगळेच. १०० केव्हीएची डीपी पूर्ण भारावर सुमारे १३३ ॲम्पिअर देते. पाचच्या वीस मोटारी तिच्यावर चालल्या की १६० होतात.

त्यातून डीपी जळू लागल्या. भारनियमन आल्यावर हे फारच वाढले. लाईट रात्री दोनला येणार, तर रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसले. लाईट आली की मोटार आपोआप चालू. थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत रानात जाणाऱ्या माणसाला ऑटोस्विच बसवल्याबद्दल दोष देणे मला जमत नाही. पण चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. वीस ऑटोस्विच एकाच क्षणी लागले की १३३ ॲम्पिअरच्या डीपीवर नऊशे ॲम्पिअरची धडक. फ्यूज टिकत नाही म्हणून त्याच्या जागी जाड तार टाकलेली. मग फ्यूजऐवजी डीपी जाते. ती जळाली की शेतकरी वर्गणी काढत, ट्रॅक्टर लावून ती उतरवून नेत, दुसरी मिळेपर्यंत पीक आभाळाकडे बघे. मोटारीला दोन-तीनशे रुपयांचा कपॅसिटर लावला असता तर पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर गेला असता, धारा आठवरून पावणेसातच्या खाली आली असती आणि तारेतली उष्णता तीस टक्क्यांच्या जवळपास घटली असती. मंडळाने कपॅसिटर बसवण्याचे आवाहन अनेकदा केले. पण बिल ॲम्पिअरवर नव्हते, युनिटवरही नव्हते. एकट्याने लावून एकट्याला फायदा दिसत नव्हता. दाब सुधारायचा तर डीपीवरच्या सगळ्यांनी लावायला हवा.

मोजमाप नसल्याचा दुसरा परिणाम मुंबईतल्या कार्यालयात झाला. राज्यात तयार झालेली वीज माहीत, मीटर असलेल्या ग्राहकांची वीज माहीत. उरलेल्यात शेतीपंप किती आणि गळती किती, हे अंदाजाने ठरे. शेतीचा वापर जास्त दाखवला की गळती आपोआप कमी दिसे. १९९० च्या दशकात मंडळ गळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या घरात सांगत होते. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला, दर ठरवण्यासाठी उघड सुनावण्या झाल्या, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकडे तपासले आणि २००० च्या आदेशापर्यंत गळती तीस टक्क्यांच्या पलीकडे असल्याचे मान्य झाले. शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली कितीतरी वीज त्याच्या विहिरीपर्यंत पोचलीच नव्हती. यातली काही चोरीला गेली होती, काही बारीक तारांत उष्णता होऊन गेली होती. वेगळे करून सांगता येत नव्हते, कारण मधे मीटर नव्हता.

पुढचे काही राजकारणाच्या वेगाने घडले. २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीची वीज मोफत केली. निवडणुकीनंतर आलेल्या विलासराव देशमुखांच्या सरकारने २००५ मध्ये ती सवलत मागे घेतली. विलासराव लातूरचे, त्यांच्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना ते सांगणे सोपे नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. तुटवडा वाढत होता. गावठाणाची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी करण्याचे काम सुरू झाले, ज्यामुळे घरात दिवा राहावा आणि पंपाला ठरलेल्या तासांतच थ्री फेज मिळावी. शेतकऱ्याने त्यावरही तोड काढली. दोन फेज मिळत असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार चालवायची. ती चालायची. आणि जळायची.

या सगळ्या काळात पाणी खाली जात होते. लातूर-उदगीर पट्ट्यात काळ्या मातीखाली बेसाल्टचा थर आहे. त्यात पाणी भेगांतच राहते. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले, शंभर-दोनशे फुटांवरून चारशे-पाचशे फुटांवर गेले. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर आणायला निव्वळ ०.२७ युनिट ऊर्जा लागते. पंप, मोटार आणि पाइप यांची घट धरली तर पाऊण युनिटापर्यंत. पाणी दुप्पट खोल गेले की तेवढ्याच पाण्याला दुप्पट वीज. तीनच्या मोटारीची जागा साडेसातच्या सबमर्सिबलने घेतली आणि बारीक तारांवर आणखी ॲम्पिअर आले. त्यावर ऊस उभा होता. विजेचा दर तासाच्या हिशेबात नव्हता, म्हणून खोलीचा खर्च कोणाच्या बिलात दिसला नाही.

परळीचे केंद्र तोवर मोठे झाले होते. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे संच, नंतर २५० चे. पण औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी ते बंद करावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याचे टँकर घेतलेली रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. सारा देश ते पाहत होता. ज्या विजेने पाणी उपसले जात होते ती वीज बनवायलाच पाणी उरले नाही, हे मात्र बातम्यांत मागे पडले.

लातूरच्या शिकवणी वर्गांत याच काळात हजारो मुले ‘नीट’ आणि ‘जेईई’साठी रोध, धारा आणि शक्तीची उदाहरणे सोडवत होती. नांदेड, लातूर, परभणीच्या खेड्यांतून आलेली ही मुले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या वडिलांच्या विहिरीवर हेच उदाहरण खऱ्या तारांनिशी उभे होते. नांदेडजवळ विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इतके शिक्षण हाताशी असताना डीपीनिहाय ॲम्पिअरची नोंद गावोगाव ठेवता आली असती, असे मला राहून राहून वाटते.

सुधारणेची दिशा तांत्रिकदृष्ट्या पहिल्यापासून स्पष्ट होती. तीच शक्ती ४१५ ऐवजी ११,००० व्होल्टवर नेली तर धारा साडेसव्वीस पटीने कमी होते. वरच्या उदाहरणातले ८० ॲम्पिअर तीनवर येतात, आणि वर्गाच्या नियमाने त्याच तारेतली उष्णता सुमारे सातशे पटीने घटते. १८ किलोवॅटचे पंचवीस-सव्वीस वॅट. २०१८ मध्ये महावितरणने उच्चदाब वितरण प्रणाली हाती घेतली. मार्च २०१८ पर्यंत पैसे भरून जोडणीची वाट पाहत असलेल्या दोन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना एका किंवा दोन जोडण्यांमागे एक छोटी डीपी द्यायची. १९७० च्या दशकात महाग वाटली ती हीच पद्धत. तिच्यात कमी दाबाची तार काही मीटरची उरते, आकडा टाकायला जागा राहत नाही, आणि डीपी जळाली तर ती कोणाच्या मोटारीने जळाली ते कळते. जुन्या जोडण्या मात्र बहुतेक जुन्याच तारांवर राहिल्या.

याच सुमारास ओघ सौर विजेकडे वळला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ आली. अडीच एकरांपर्यंत तीनचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. पॅनेल विहिरीच्या काठावर असल्याने किलोमीटरची तार गेली, रात्रीचे जागरण गेले. खोलीचा प्रश्न शिल्लक आहे, कारण ऊन फुकट असले की उपसाही थांबत नाही. आणि त्याच वर्षी एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकारने माफ केले. त्या माफीची मर्यादा युनिटांवर नाही, अश्वशक्तीवर आहे. कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे पुन्हा मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याने ठरते.